अठ्ठावन्न जणांची सरासरी

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यामागे अंजनी पिंपात टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधत होती. त्या गल्लीत आठवड्याभरात डेंग्यूचे सहा पेशंट निघाले होते. ती ज्या संस्थेत काम करायची, त्या संस्थेने घरोघरचं साठवलेलं पाणी तपासायला माणसं लावली होती. मागून कुणीतरी विचारलं, "अंजनीताई तुम्हीच ना?"

अंजनीने वळून पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी घामाघूम होऊन उभी होती. हातात गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक.

"मी विनिता. बदलापूरहून आले, बेलवलीहून. तुमच्या ऑफिसात विचारलं, ते म्हणाले इथे सर्व्हेला आहात." तिने पत्रक पुढे केलं. "ताई, ह्या तुम्हीच ना?"

पत्रकावर अंजनीच होती. निळा गाऊन, डोक्यावर टोपी, पदवीदानाच्या दिवशीचं ते हसणं. शेजारी लाल अक्षरांत छापलं होतं: वार्षिक पॅकेज ९.६ लाख. खाली विद्यापीठाचं नाव आणि कोर्सचं नाव, एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स.

अंजनीला आधी हसू आलं. मग तिने आकडा पुन्हा वाचला आणि हसू आतल्या आत करपलं.

"मला महिन्याला हातात किती मिळतात माहितीय?" ती म्हणाली. "तेवीस हजार चारशे. तेही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर."

विनिताला वाटलं, ताई मस्करी करतायत. "पण इथे तर..."

"इथे खोटं लिहिलंय."

"ताई, असं नका बोलू ना," विनिताचा चेहरा पडला. "माझं अ‍ॅडमिशन झाल्यात जमा आहे. साडेनऊ लाखांचं लोन मंजूर झालंय. पुढच्या सोमवारी पप्पा सही करणार. जागेच्या बदल्यात बिल्डरने आम्हाला दोन फ्लॅट दिलेले, त्यातला एक बँकेकडे ठेवतायत. मी त्यांना तुमचा फोटो दाखवूनच तयार केलं."

तुमचा फोटो दाखवून. हे तीन शब्द अंजनीला कानाखाली बसल्यासारखे लागले. तिने टॉर्च बंद केला, पिंपावर झाकण घातलं आणि घरमालकिणीला पाणी दर आठवड्याला ओतून टाकायला सांगितलं. मग ती विनिताला घेऊन कोपऱ्यावरच्या एका सिंधी काकांच्या दुकानाच्या पायरीवर बसली. दोन लिंबू सोडा मागवले. सोडा येण्याआधी बोलली असती तर तोंडातून शिवी गेली असती.

*

अंजनी अंबरनाथ पश्चिमेची. वडील बबन एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते, तीस वर्षं लेथवर उभे राहून रिटायर झाले. आई सरस्वती घर सांभाळायची आणि विहारात मुलांचा अभ्यास घ्यायची. साडेतीनशे फुटांचं घर, पण स्वतःचं. त्या घरात पुस्तकाला पाय लागला की पुस्तक उचलून कपाळाला लावायची पद्धत होती, आणि मुलीने पुढे शिकू नये असं कुणी कधी बोललं नव्हतं.

मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झाल्यावर अंजनी उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. पगार सोळा हजार. दोन वर्षं तिने रक्ताच्या नळ्या फिरवल्या. मग करोनाच्या आठवणीने तिला एमपीएचचं वेड लागलं. एकेका माणसाचा रिपोर्ट काढण्यापेक्षा वस्तीच्या वस्ती आजारीच पडू नये यासाठी काम करायचं, ही गोष्ट तिला मनापासून पटली होती. आजही पटत होती. विद्यापीठाच्या माणसाने घरी येऊन चहा पिता पिता सांगितलं होतं, "काका, दोन वर्षांत मुलगी लोन फेडून मोकळी होईल." बबनने घराचे कागद बँकेत ठेवले. कर्ज आठ लाख चाळीस हजार. कोर्स संपून हप्ता सुरू झाला तोवर व्याज चढून ते दहा लाख एकोणतीस हजार झालं होतं. हप्ता महिना चौदा हजार तीनशे वीस, दहा वर्षं.

"तेवीस चारशेतून हप्ता गेला की माझ्याकडे नऊ हजार उरतात," अंजनीने विनिताला सांगितलं. "लॅबमध्ये होते तेव्हा सोळा उरायचे. डोक्यात बसतंय का तुझ्या? शिकून मी गरीब झाले."

विनिताने सोड्याला हात लावला नव्हता. "पण तुमच्यासारखं सगळ्यांचंच झालं असेल असं नाही ना ताई?"

अंजनीला ह्याचा राग यायला हवा होता. पण प्रश्न बरोबर होता. एका पेशंटवरून साथ ठरत नाही, हे तिला दोन वर्षं शिकवलं होतं, तेही आठ लाख चाळीस हजार घेऊन.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत थांब. सगळ्यांचं विचारून सांगते."

*

विनिताला रिक्षात बसवून अंजनीने तिथूनच विद्यापीठाच्या प्रवेश विभागात फोन लावला. धर्मेश नावाचा माणूस फोनवर आला. ठाणे जिल्ह्यातले प्रवेश त्याच्याकडे होते.

"माझा फोटो कुणाला विचारून छापलात?"

"मॅडम, अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर तुमची परवानगी आहे. कलम सतरा."

"आणि नऊ लाख साठ हजार? मला तीन लाखसुद्धा मिळत नाहीत."

"ते तुमचं पॅकेज आहे असं आम्ही म्हटलंच नाही," धर्मेश शांतपणे म्हणाला. "ते टॉप पॅकेज आहे. फोटो वेगळा, आकडा वेगळा. मधे बारीक रेघ आहे बघा."

अंजनीने पत्रक डोळ्यांजवळ नेलं. खरंच, फोटो आणि आकडा यांच्यामध्ये केसाएवढी करडी रेघ होती. चूक असती तर ती कदाचित ओरडून मोकळी झाली असती. पण कुणीतरी विचार करून ही रेघ ओढली होती.

"आणि सरासरी पॅकेज सात लाख ऐंशी हजार लिहिलंय, ते कुणाचं?"

"मॅडम, तुम्ही नाराज दिसताय." धर्मेशचा आवाज आणखी मऊ झाला. "असं करा, येत्या रविवारी बदलापूर पश्चिमेला आमचा सेमिनार आहे. तुम्ही या. आम्ही तुमचा सत्कार करू, तुम्ही पालकांशी दोन शब्द बोला. पाच हजार मानधन देऊ. तुम्हालाही मदत होईल."

अंजनीने पत्रकाची घडी घातली.

"येते," ती म्हणाली.

*

तिच्या बॅचला अठ्ठावन्न जण होते. त्या सहा दिवसांत तिने कामावरून आल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, शेअर रिक्षात बसून एकेकाला फोन लावला. चारच प्रश्न ठेवले: आधी किती मिळवत होतास, आता किती मिळतात, कर्ज किती, हप्ता किती. नाव कुठे येणार नाही, हे आधीच सांगायची.

काही जण दोन मिनिटांत उत्तरं देऊन मोकळे झाले. काही जण अर्धा अर्धा तास बोलले, कारण ह्या गोष्टी त्यांनी कुणाला सांगितल्याच नव्हत्या. एकीने सासरी पगार दुप्पट सांगितला होता आणि हप्ता माहेरच्या सोन्यातून जात होता. एक जण दिवसा सरकारी योजनेची माहिती भरायचा आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायचा. एक मुलगी हसत हसत म्हणाली, "अंजू, मी कुपोषणावर प्रबंध लिहिला आणि आता महिनाअखेरीला स्वतःच पोळी-चहावर असते." हसली आणि फोन ठेवून दिला.

एकोणपन्नास जणांनी उत्तरं दिली. नऊ जणांनी फोनच उचलला नाही.

सात लाख ऐंशी हजारांची सरासरी कुठून आली तेही तिला सापडलं. विद्यापीठाने पगाराची स्लिप फक्त अकरा जणांकडून मागवली होती आणि तेवढेच मोजले होते. त्यातले तिघे तर आधीपासूनच एमबीबीएस डॉक्टर, सरकारी नोकरीतून रजा काढून शिकायला आलेले. त्यांचे जुनेच पगार धरले होते. बाकीचे सत्तेचाळीस जण विद्यापीठाच्या हिशेबात जन्मालाच आले नव्हते.

उत्तरं दिलेल्या एकोणपन्नासांपैकी तेरा जणांना ह्या क्षेत्रात कामच मिळालं नव्हतं. सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधला माणूस महिना एकवीस हजारांवर होता. अंजनी मधल्याहून थोडी वरच होती. ती तर त्यातल्या नशीबवानांपैकी निघाली!

हे कळलं तेव्हा ती किचनच्या ओट्याला टेकून उभी होती. तिने हातातला स्टीलचा पेला सिंकमध्ये असा आदळला की सरस्वती बाहेरून धावत आली.

"काय फोडलंस गं?"

"काही नाही आई. स्टीलचा आहे."

*

रविवारी बदलापूरच्या त्या हॉलमध्ये चाळीसेक कुटुंबं आली होती. स्टेजच्या मागे फ्लेक्स, त्यावर चार फुटांची अंजनी. शेजारी लाल आकडा. करडी रेघ फ्लेक्सवर दिसतसुद्धा नव्हती.

विनिता आईवडिलांबरोबर दुसऱ्या रांगेत होती. वडील जयदेव, भरदार अंगाचे, खडी-वाळूचा धंदा करणारे. आई वेणू पदर सावरून, हातात प्लॅस्टिकची फाइल धरून बसलेली.

अंजनी स्टेजवर चढली आणि जागीच थांबली. पहिल्या रांगेत बबन आणि सरस्वती बसले होते. विद्यापीठाने परस्पर घरी फोन करून बोलावलं होतं, मुलीचा सत्कार आहे म्हणून. बबनने पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता. तो स्टेजकडे बघून हसत होता.

तिच्या खांद्यावर शाल पडली. धर्मेशने माइक दिला. "आमची यशस्वी माजी विद्यार्थिनी!"

एक क्षण तिला वाटलं, सोडून द्यावं. पप्पांसमोर नको. मग तिने वळून फ्लेक्सकडे पाहिलं.

"ह्या फोटोतली मुलगी मी आहे," ती म्हणाली. "शेजारचा आकडा माझा नाही. ही पदवी घेण्याआधी मी महिना सोळा हजार मिळवत होते. आता तेवीस हजार चारशे मिळवते. म्हणजे पदवीने मला महिना सात हजार चारशे जास्त दिले. त्या सात हजार चारशेसाठी मी बँकेला महिना चौदा हजार तीनशे वीस देते. दहा वर्षांत सतरा लाख. शिकून मी गरीब झाले, आणि माझ्या वडिलांचं घर त्यात अडकलंय."

हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. धर्मेश उठला. अंजनी न थांबता बोलत राहिली. "आम्ही अठ्ठावन्न जण होतो. ह्यांनी अकरा जण मोजले आणि सरासरी..."

माइक बंद झाला. तिने तो टेबलावर ठेवला आणि आवाज चढवला. पिंपं तपासताना गल्लीच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची तिला सवय होती. एकोणपन्नास, तेरा, एकवीस हजार, सगळे आकडे तिने मोठ्याने सांगितले.

"मॅडमना काही वैयक्तिक प्रॉब्लेम आहे," धर्मेश पालकांकडे वळून म्हणाला. "प्रत्येकाला यश मिळतंच असं नाही."

तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ ओरडले, "स्वतः शिकलात ना? मग आमच्या पोरांच्या शिक्षणात खोडा कशाला घालता?" दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "जळतात लोक."

अंजनीचे कान तापले. "कोर्स वाईट नाहीये," ती ओरडली. "काम तर लाखमोलाचं आहे. ते करणाऱ्याच्या हातात एकवीस हजार पडतात आणि शिकवायचे तुम्ही नऊ लाख घेता, हे वाईट आहे!"

तेव्हा वेणू उभी राहिली. चार माणसांत बोलायची तिला सवय नसावी, फाइल तिने छातीशी घट्ट धरली होती.

"साहेब, आमाला ते सरासरी-बिरासरी नाय समजत," ती धर्मेशला म्हणाली. "तुमी एक काम करा. पोरीला शिकल्यावर सात लाखांची नोकरी लागंल, असं ह्या कागदावर लिवून द्या. सही करा, शिक्का मारा. आमी आत्ता पैसं भरतो."

"ताई, असं कुणीच लिहून देत नाही."

"आमच्याकडनं तं फ्लॅट लिवून घेताय."

धर्मेश काहीतरी नियमांबद्दल बोलू लागला, पण वेणूने ऐकलं नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "चला हो." जयदेव उठला. विनिता मात्र बसून राहिली, डोळ्यांत पाणी, आणि ते पाणी रागाचं होतं. आईने दंडाला धरून उठवलं तेव्हा उठली. अंजनीसमोरून जाताना तिने मान वर केली नाही.

त्या दिवशी नऊ कुटुंबं उठून गेली. बाकीची बसली. जाताना अंजनीला दारातून दिसलं की बारा जण फॉर्म भरायच्या रांगेत उभे आहेत.

*

रिक्षा स्टँडवर बबन थांबला. त्याचा चेहरा काळवंडला होता.

"चारचौघांत घराचा हप्ता सांगितलास."

"पप्पा, ते लोक फसत होते."

"मला न विचारता माझ्या घराची गोष्ट हॉलमध्ये मांडलीस! तीस वर्षं कुणाकडे हात नाही पसरला मी. आणि तू म्हणतेस, शिकून गरीब झाले? तुला सोळा हजारांवरच ठेवायला हवं होतं का मी?"

"तुम्ही काहीच चूक केली नाही," अंजनी म्हणाली, पण तिचा आवाज चढलेलाच होता. "त्या माणसाने आपल्या घरात बसून, आपला चहा पिऊन खोटं सांगितलं. लाज त्याला वाटायला पाहिजे. तुम्हाला का वाटते?"

बबन रिक्षात बसला. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

दहाव्या दिवशी विद्यापीठाच्या वकिलाची नोटीस आली. बदनामी केली, पंधरा दिवसांत लेखी माफी मागा, नाहीतर पंचवीस लाख भरा. सरस्वतीने पंचवीस लाखांतली शून्यं दोनदा मोजली. अंजनी नोटीस घेऊन उल्हासनगरच्या माधवी वकिलांकडे गेली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"घाबरवतायत. तू बोललीस त्यातलं काय खोटं होतं?"

"काहीच नाही."

"मग पगाराची स्लिप, कर्जाचं स्टेटमेंट आणि ते पत्रक जोडून उत्तर देऊ. आणि तुझा फोटो वापरल्याबद्दल उलट आपणच विचारू."

उत्तर गेलं. त्यानंतर विद्यापीठाकडून पुन्हा काही आलं नाही. माफी तर नाहीच. फक्त महिन्याभराने नवीन फ्लेक्स लागले. त्यावर अंजनीच्या जागी तिच्याच बॅचची दुसरी मुलगी होती, सासरी पगार दुप्पट सांगणारी. अंजनीने तिला फोन केला. ती म्हणाली, "राहू दे गं. सासूबाई खूश आहेत."

विनिताने एका सरकारी संस्थेची प्रवेश परीक्षा दिली. तिथे फी एक लाखाच्या आत होती, पण जागा तीस आणि अर्ज हजारांनी. तिचा नंबर लागला नाही. ती बदलापूरच्या एका लॅबमध्ये पंधरा हजारांवर लागली. तिने अंजनीला एकच मेसेज केला: "माझं एक वर्ष गेलं." अंजनीने बराच वेळ उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी तिने परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका पाठवली आणि लिहिलं, "पुढच्या वर्षी परत दे. रविवारी मी शिकवते." दोन आठवडे काही आलं नाही. तिसऱ्या रविवारी विनिता दारात उभी होती. चपला काढताना म्हणाली, "मी अजून चिडलेली आहे हां ताई."

"मीपण," अंजनी म्हणाली. "ये आत."

त्या दिवशी दोघी अभ्यासाला बसल्या असताना बबनने टेबलावरचा, अंजनीने बॅचच्या पगारांचा केलेला तक्ता उचलला. तो चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिला, लेथवरचं माप तपासावं तसा एकेका आकड्यावर बोट ठेवत. कित्येक दिवसांनी तो आपणहून बोलला.

"हे तर एकोणपन्नासच आहेत. तू त्यांना म्हणालीस की त्यांनी सगळे मोजले नाहीत. तूही कुठे मोजलेस?"

"नऊ जण फोन उचलत नाहीत पप्पा."

"का?"

"अनोळखी नंबर बघून बँकेचा समजत असतील."

बबनने चष्मा काढला. "ह्यातलं जवळ कोण राहतं?"

त्या नऊ जणांतला सम्यक अंबरनाथ पूर्वेला राहायचा. बापलेक दोघं शेअर रिक्षाने गेले. दार सम्यकच्या आईने उघडलं, आधी अर्धंच. बबनने स्वतःचं नाव सांगितलं, पोरगी त्याच बॅचची आहे म्हणाला, तेव्हा पूर्ण उघडलं. सम्यक आतल्या खोलीत होता. वर्गात संख्याशास्त्रात तो पहिला यायचा, सगळे त्याच्या वह्या मागायचे. आता तो पार्सलं पोचवत होता आणि हप्ते पाच महिने थकले होते.

"माझं नाव नको टाकू," तो खाली बघत म्हणाला. "आकडा टाक."

"पार्सलच्या कामाचे किती मिळतात?"

"ते धरू नको. पदवीचे विचारतेयस ना? पदवीचे शून्य."

अंजनीला कुणालातरी धरून हलवावंसं वाटत होतं आणि त्या खोलीत हलवण्यासारखं कुणी नव्हतं. बबन पलंगाच्या कडेला सम्यकशेजारी बसला. त्याने पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या, कोरड्या आवाजात म्हणाला, "मीपण सही केलीय बाबा, घर लिहून. आपण काही चोरी केली नाही. मान वर कर."

सम्यकने मान वर केली नाही, पण उठून कपाटातून स्वतःची कर्जाची फाइल काढली आणि अंजनीच्या पुढ्यात ठेवली. तिने तक्त्यात पन्नासावी ओळ लिहिली. मग तिने त्याला विचारलं, "उरलेल्या आठांतले कुणाचे पत्ते आहेत तुझ्याकडे?"

"तिघांचे आहेत," सम्यक म्हणाला, आणि चार्जिंगला लावलेला फोन काढून आणायला बाहेरच्या खोलीत गेला.